गिळल्याचा आवाज

खडखड करत फ्रीज चालू झाला आणि मनालीच्या हातातला चमचा हवेतच थांबला.

त्याआधी घरात इतकं शांत होतं की भिंतीवरचं घड्याळसुद्धा चोरपावलांनी चालतंय असं वाटत होतं. पंखा बंद, टीव्ही बंद, बाल्कनीचं दार ओढून घेतलेलं. मार्च लागला होता, बदलापूरला सकाळी नऊलाच घामाच्या धारा सुरू झाल्या होत्या, तरी पंखा बंदच. पंख्याच्या घरघरीत मनालीला हवा तो आवाज ऐकू येत नसे. रतनच्या गळ्यातला. गिळल्याचा.

"फ्रीज बोलला," रतन म्हणाला. घास तोंडात तसाच.

"बोलू दे त्याला, त्याला दुसरा काय कामधंदा आहे? तू आधी गीळ, मग बोल."

रतनने डोळे मिटले. शिकवल्याप्रमाणे हनुवटी जराशी छातीकडे नेली. गळ्यापाशी एक इवलीशी लाट वर गेली, खाली आली. गट्ट.

"आ म्हण."

"आऽऽऽ."

मनालीने कान देऊन ऐकलं. कोरडा, खणखणीत आवाज. म्हणजे घास योग्य वाटेने गेला. तोच आवाज गुळणी धरून बोलल्यासारखा ओला आला असता, तर तिने वाटी लगेच खाली ठेवली असती. ओला आवाज म्हणजे घास वाटेत रेंगाळलाय, श्वासनळीच्या तोंडाशी घुटमळतोय. तिथे घाई केली की खेळ खलास.

"शाब्बास रे माझ्या वाघा!" ती म्हणाली आणि पुढचा चमचा भरला.

वाघाचं पाळण्यातलं नाव राजरत्न. वय साडेतीन. सातव्या महिन्यातच जगात यायची घाई केली आणि मग चोखायचं कसं, गिळायचं कसं, श्वास कधी घ्यायचा, हे काही त्याच्या गळ्याला जमेचना. दूध पाजलं की ते छातीत उतरायचं. ताप, धाप, न्यूमोनिया, पुन्हा अंबरनाथच्या दवाखान्यात मुक्काम. शेवटी नाकातून पोटात एक बारीक नळी घातली गेली. ती उजव्या गालावर चिकटपट्टीने बसवलेली. घड्याळ बघायचं, सिरिंज भरायची, नळीतून दूध सोडायचं. पोट भरलं, की पुढच्या वेळेपर्यंत सुट्टी. नळी खराब झाली की बदलायची, पण नळी कायम. रतनने घराबाहेरच्या पहिल्या मुलाला पाहिलं तेव्हा त्याच्या गालाला हात लावून विचारलं होतं, "तुझी नळी कुठंय?"

आता नळीसोबत रोज थोडे घास तोंडानेही सुरू होते. बालरोगतज्ज्ञ जयदेव डॉक्टरांनी मात्र स्पष्टच सांगून ठेवलं होतं. "नाकातली नळी इतकी वर्षं ठेवणं बरोबर नाही. मे महिन्यापर्यंत बघू. छाती स्वच्छ राहिली, वजन टिकलं, तर नळी काढून तोंडाने पूर्ण खाऊन बघू. नाही जमलं तर मुंबईला सर्जनकडे. पोटाला छोटं छिद्र करून थेट पोटात नळी बसवतात."

मे महिना म्हणजे मनालीच्या सासूबाईंच्या, रखमाबाईंच्या हिशोबाने बुद्धपौर्णिमा. तेव्हापासून घरात सगळे पौर्णिमाच म्हणायचे. पौर्णिमेच्या आत रतनला जेवता आलं पाहिजे. बस्स. घरातली बाकी सगळी कामं, पाहुणे, लग्नकार्यं, मिलिंदच्या फॅक्टरीतल्या पाळ्या, सगळं त्या एका गोष्टीच्या मागे रांगेत उभं होतं.

मनालीला भीती वाटत नव्हती असं नाही. पण ती भिऊन बसणाऱ्यातली नव्हती. शिरगावातल्या शाळेत ती बालवर्गाची टीचर होती, दुपारी बारा ते चार. पन्नास पोरांच्या डब्याच्या सुट्टीत तिने एवढ्यात जे पाहिलं ते कुठल्या कोर्समध्ये शिकवत नसतील. ओठ चमच्याभोवती कसे मिटतात, जीभ घास डाव्या दाढेकडे कशी सारते, पोळीचा तुकडा तोंडात असताना पोर हसलं की काय होतं. बाकीच्या टीचर्स तिला हसायच्या. "मनाली, किती टक लावून बघतेस! पोरांना नजर लागेल."

"लागू दे," ती म्हणायची. "माझ्या पोराला तेवढंच शिकायला मिळेल."

हे सगळं तिला कोणी शिकवलं, तर लाजवंती मॅडमनी. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये, खाली साड्यांचं दुकान आणि वर मॅडमचं दोन खोल्यांचं क्लिनिक. गिळायला शिकवणारी पण कोणी डॉक्टरीण असते, हे मनालीला तीन वर्षं कोणी सांगितलंच नव्हतं. पहिल्या दिवशी मॅडमनी रतनला तपासलंच नाही. त्याला खेळायला दोन चमचे दिले आणि मनालीला विचारलं, "मम्मी, घर में खाना कहाँ बैठके खाते हो?"

मनाली गोंधळली. "किचनमध्ये. उभ्यानेच. एकेक जण."

"दार बंद करून?"

"...हो."

हा रखमाबाईंचा कायदा होता. ज्या लेकराला घास गिळता येत नाही, त्याच्या डोळ्यांपुढे ताट वाढून बसायचं? माणसं आहोत का कोण? त्यामुळे घरात सगळे ओट्यापाशी उभे राहून, दाराला कडी लावून, पाहुण्यांच्या घरी चोरून खाल्ल्यासारखे जेवायचे. मिलिंद तर फॅक्टरीच्या कॅन्टीनमध्येच पोटभर खाऊन यायचा. सगळं रतनच्या मायेपोटी.

लाजवंती मॅडम हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी पर्समधून पापडाचं पाकीट काढलं, एक तुकडा कडाडकन मोडला आणि रतनसमोर खाल्ला. रतन त्यांच्या तोंडाकडे असा बघत राहिला, जसा कोणी जादूगाराच्या टोपीकडे बघेल.

"देखा? पुट, बेटा, ये क्या है?" मग मनालीकडे वळून त्या त्यांच्या सिंधी ढंगाच्या मराठीत म्हणाल्या, "मम्मी, ज्याने कधी कोणाला पोहताना बघितलंच नाय, त्याला पाण्यात ढकलून काय फायदा? आजपासून सगळे त्याच्यासमोर जेवा. चवीने जेवा. बोटं चाटा. भांडा पण चालेल."

त्या संध्याकाळी घरात पहिल्यांदा हॉलमध्ये चादर अंथरून पंगत बसली. रखमाबाईंना घास उतरेना, त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. रतन मात्र प्रत्येकाच्या ताटासमोर जाऊन उकिडवा बसला आणि तोंडं बघत राहिला. मिलिंदने लोणच्याची फोड चोखली तेव्हा याने आपलेही गाल आत ओढले. मनालीने ते पाहिलं आणि तिथेच तिला कळलं, हा पोरगा जेवणार.

मग सुरू झाली शिकवणी. पाठ ताठ, ढुंगण मागे टेकलेलं, पाय लटकते नाहीत. पायांखाली टेलिफोनच्या दोन जुन्या डिरेक्टऱ्या. चमचा चपटा, घास छोटा. पातळ काही नाही, कारण पाणी, दूध, पेज हे सगळे पळणारे चोर, गळ्याने दार लावायच्या आत श्वासनळीत घुसतात. नाचणीचं सत्त्व शिजवून इतकं घट्ट करायचं की चमचा वाकडा केला तर धार लागता कामा नये, गोळाच्या गोळा घसरून पडला पाहिजे. आणि सगळ्यात मोठा नियम, जबरदस्ती नाही. रतनने तोंड फिरवलं की वाटी बाजूला. "आज तो ना बोलला, ठीक आहे," मॅडम म्हणायच्या. "ना बोलता आलं पाहिजे, तरच उद्या हो बोलेल."

जानेवारीत दोन चमचे, फेब्रुवारीत अर्धी वाटी. मार्चमध्ये तो सकाळची वाटी संपवून चमचा चाटायला लागला. नळीतून जाणारं दूध डॉक्टरांनी थोडं कमी केलं.

आणि एप्रिलच्या सुरुवातीला खोकला आला.

आधी दुपारनंतर थोडासा. मग छातीत घरघर. मनालीने घासांची सगळी उजळणी केली. सत्त्व घट्ट होतं. मान बरोबर होती. आवाज प्रत्येक घासानंतर कोरडा. तिच्या हातून काही चुकत नव्हतं, याची तिला खात्री होती, आणि तरीही जयदेव डॉक्टरांनी स्टेथोस्कोप कानातून काढून मान हलवली.

"उजव्या बाजूला खाली आवाज आहे. काहीतरी आत जातंय. वजनही उतरलंय." ते औषध लिहिता लिहिता म्हणाले, "मनाली, मला माहितीये तुम्ही किती मेहनत घेताय. पण छाती अशीच राहिली तर मी थांबणार नाही. पोटातली नळी म्हणजे शिक्षा नाही हो. पुष्कळ मुलं त्यावर छान वाढतात."

"मला कळतं, सर," ती म्हणाली. "गरज असली तर मी स्वतः सही करीन. पण आधी मला कळू दे की जातंय कुठून."

घरी आल्यावर मिलिंद म्हणाला, "तू एवढ्या खात्रीने कसं बोलतेस? मला तर कापरं भरलं."

"माझ्या घासाने नाही जात. मी ऐकलंय प्रत्येक. मी गिळल्याचा आवाज ओळखते, मिलिंद. तू तुझ्या मशीनचा ओळखतोस ना, तसा."

मिलिंदला पटलं. मशीनचा आवाज बदललेला त्याला झोपेतही कळायचा. पण मग काय, हा प्रश्न तसाच राहिला.

त्याचं उत्तर दोन-तीन दिवसांत मिळालं, आणि तेही शाळेत पाणी न आल्यामुळे. पोरांना लवकर सोडून दिलं. मनाली रिक्षाने घरी आली, लॅचची चावी फिरवून आत पाऊल टाकलं, एक चप्पल काढली आणि दुसरी पायातच राहिली.

हॉलमध्ये भिंतीला टेकून रखमाबाई बसल्या होत्या, दोन्ही पाय लांब पसरलेले. त्या पायांच्या खोबणीत रतन उताणा. डोकं त्यांच्या घोट्यांकडे, मान मागे कललेली. रखमाबाईंच्या हातात पितळी बोंडलं, मिलिंदला लहानपणी ज्यातून बाळगुटी पाजली तेच, लांब चोचीचं. त्यातून तांदळाची पातळ पेज रतनच्या गालात सोडली जात होती आणि रखमाबाई हळू आवाजात काहीतरी गुणगुणत होत्या.

मनालीच्या घशापर्यंत किंकाळी आली. तिने ती तिथेच दाबली. आत्ता ओरडली तर रतन दचकेल, आणि तोंडात पेज असताना दचकला तर जे इतके दिवस थोडं थोडं जात होतं ते एकदमच जाईल. ती एका पायात चप्पल घालून पुतळ्यासारखी उभी राहिली. रतनचा गळा हलला. एकदा. पुन्हा एकदा. मग बोंडलं खाली आलं, आणि तेव्हाच ती बोलली, अगदी नेहमीच्या आवाजात.

"आत्या, आता पुरे. बसवा त्याला."

सासूला आत्या म्हणायची तिच्या माहेरची रीत. रखमाबाई इतक्या दचकल्या की बोंडलं हातातून घरंगळलं. मनालीने रतनला उचलून बसवलं, पुढे वाकवलं. तो खोकला, पुन्हा खोकला. तिने पाठीवर थापटलं नाही, नुसती मान धरून ठेवली आणि त्याला त्याचा त्याचा खोकू दिला.

"आ म्हण, रतन."

"आऽऽ." ओला. गुळणीतून आल्यासारखा.

"कधीपासून, आत्या?"

रखमाबाईंनी पदर सावरला. त्या जांभूळच्या, बोलायला लागल्या की गावची बोली आपोआप यायची. "कधीपासून म्हंजे? काय चोरी केली का मी? माझी पाच पोरां याच पायांवर वाढली. तुझा नवरा धरून. एकाला तरी काय झाला का?"

"नाही झालं. त्यांचे गळे चांगले होते."

"तू ती घट्ट लापशी चमच्याच्या टोकाने देतेस, देतेस आणि कान लावून बसतेस. पोराचा घसा सुकतो गो! तू शालेत गेली का तो माझ्या तोंडाकडे बघतो. तुमच्या त्या मॅडमनी सांगितला ना, त्याच्यासमोर खा. मी खाते, तो बघतो. मग मी काय दगड हाय? नळीने पोट भरतो, पोराचा जीव कुठं भरतो?"

मनालीच्या ओठांवर उत्तर तयार होतं. डॉक्टर, छाती, वजन, ऑपरेशन, सगळं एका दमात. पण रखमाबाईंचे डोळे भरले होते, आणि एवढ्या वेळा समजावून सांगितलेलं जर त्यांना पटलं नसेल तर आणखी एकदा सांगून काय होणार, हेही तिला दिसत होतं. पाच पोरांचा पुरावा त्यांच्या पायांशी होता.

तिने बोंडलं उचललं, स्वयंपाकघरात नेऊन विसळलं, त्यात साधं पाणी भरलं. परत आली, दुसरी चप्पल काढून ठेवली.

"आत्या, पाय पसरा."

"कशाला?"

"पसरा तर."

रखमाबाईंनी काही न समजून पाय पसरले. आणि पंजाबी ड्रेस घातलेली, शाळेचं ओळखपत्र अजून गळ्यात असलेली त्यांची सून सरळ त्यांच्या पायांवर उताणी झाली. डोकं घोट्यांकडे, मान मागे.

"अगो! हे काय करतेस? पाय मोडशील माझे!"

"मोडत नाहीत. पाच पोरं वाढवलीत. पाजा मला."

"मनाली, येडी झालीस का?"

"पाजा, आत्या. रतनला पाजता तसंच. गालात सोडा."

रतन खोकला विसरून पुढे सरकला. आई आजीच्या पायावर झोपलीय, हे त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. रखमाबाईंनी हसावं की रडावं ते न कळून बोंडलं तिरकं केलं. पाण्याची धार मनालीच्या गालात गेली, आणि तिने गिळायचं ठरवायच्या आतच ते पाणी स्वतःच निघालं. मनाली ताडकन उठली. असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, छातीत आग. ती ओणवी होऊन खोकत राहिली. रखमाबाई घाबरून तिच्या पाठीवर हात फिरवायला लागल्या. "बाय माझी! काय झाला? काय झाला गो?"

तेवढ्यात रतन आईच्या समोर येऊन उकिडवा बसला. तिच्या हनुवटीला बोट लावून, हुबेहूब तिच्याच सुरात म्हणाला, "आई, आ म्हण."

मनालीने डोळे पुसले. "आऽऽ."

रतनने कान तिरका करून ऐकलं. मग अतिशय गंभीर चेहऱ्याने आजीकडे वळला.

"ओला आहे. आजी, द्यायचं नाही आता. थांब."

रखमाबाईंचा मनालीच्या पाठीवरचा हात थांबला.

"मी एवढी मोठी," मनाली खोकल्यातून म्हणाली. "माझा गळा धडधाकट. तरी मला धरवेना. त्याला कसं धरवेल, आत्या?"

रखमाबाईंनी बोंडलं पदराने पुसलं, कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर मागे ठेवलं आणि म्हणाल्या, "तो रोज खोकायचा. मला वाटला, पेज तिखट लागली असेल."

"पेज तिखट?"

"मग काय वाटणार माणसाला?" त्या चिडून म्हणाल्या, आणि मग दोघींनाही हसू फुटलं, रडण्याला अगदी चिकटून येतं तसलं.

दुसऱ्या दिवशी मनालीने रखमाबाईंना सोबत घेतलं. जयदेव डॉक्टरांसमोर ती एवढंच म्हणाली, "सर, घरात पातळ पाजलं जात होतं. आता बंद आहे. मला पौर्णिमेपर्यंतचा वेळ हवा."

"कोण पाजत होतं?"

मनाली काही बोलायच्या आत रखमाबाईंनी पदर डोक्यावर ओढला आणि म्हणाल्या, "मीच. आणि आता मीच राखण करीन. कोणी येऊन पातळ पाजू दे, हात मोडीन."

डॉक्टर गालात हसले. वेळ मिळाला.

तिथून मिलिंदच्या स्कूटरवर तिघं आणि रतन कसेबसे मावून कॅम्प तीनला गेले. लाजवंती मॅडमनी सगळं ऐकलं, रखमाबाईंना जमिनीवर बसवलं आणि विचारलं, "आजी, पाय पसरायची सवय आहे ना? आता पसरू नका, गुडघे वर घ्या." रखमाबाईंनी गुडघे उभे केले. मॅडमनी रतनला त्या दोन गुडघ्यांच्या मध्ये बसवलं, पाठ आजीच्या पोटाला टेकलेली, पाय जमिनीला टेकलेले, आजीचा एक तळवा कपाळाशी अलगद. घरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत रतन सारखा घसरायचा. इथे तो खिळा ठोकल्यासारखा ताठ बसला.

"अरे वा, आजी! आप तो मेरी बेस्ट कुर्सी हो. अशी खुर्ची बाजारात नाय मिळत."

"मग बाजारात कशाला बघायची?" रखमाबाई फुशारकीने म्हणाल्या. "मी फुकट हाय."

त्या दिवसापासून आजी खुर्ची आणि आई चमचा, अशी वाटणी झाली. घसा सुकतो ही रखमाबाईंची तक्रारही मॅडमनी कानाआड केली नाही. पाणी दाट करायला शिकवलं, शिंगाड्याच्या पिठाने, थंड करून, चमच्याने. रतनने ते पहिल्यांदा चाखलं आणि तोंड वाकडं केलं. मग पुन्हा तोंड उघडलं. एप्रिल संपता संपता छाती स्वच्छ झाली. वजन उतरायचं थांबलं, मग काट्यावर जरासं चढलं. शाळेला सुट्टी लागली आणि मनाली दिवसभर घरी राहिली. घास वाढले. पिकलेलं केळं कुस्करून, गुरगुट्या भात, वरून तुपाची धार. नाही, धार नाही, तूप कालवून.

मेच्या सुरुवातीला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात घास गिळताना बघायची एक्स-रेची तपासणी झाली. रतनला पांढरं औषध कालवलेला घास दिला, आणि पडद्यावर मनालीने तो काळा ठिपका होऊन जिभेवरून निघालेला पाहिला. ती श्वास रोखून होती. ठिपका गळ्याशी आला, क्षणभर थांबला, श्वासनळीचं झाकण टपकन मिटलं आणि ठिपका मागच्या वाटेने सरळ खाली उतरला. एकही थेंब पुढे नाही. ज्या आवाजाचा ती इतके महिने कानाने पाठलाग करत होती, तो तिने पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला. तंत्रज्ञ म्हणाला, "झालं, आता हलायला हरकत नाही." तिला वाटलं, तो रतनशी बोलतोय; तो तिलाच सांगत होता.

पौर्णिमेच्या सकाळी अंबरनाथला जयदेव डॉक्टरांनी रतनच्या गालावरची चिकटपट्टी तेल लावून सोडवली आणि नळी एका झटक्यात बाहेर ओढली. रतन शिंकला. गालावर पट्टीच्या आकाराचा एक गोरा चौकोन राहिला.

"आता ऐका," डॉक्टर म्हणाले. "पहिली परीक्षा आज. घड्याळ बघून भरवायचं नाही. मागेल तेव्हा द्यायचं. त्याला भूक लागू द्या."

हे बोलायला सोपं होतं. घरी आल्यावर दहा वाजले, दुधाची वेळ झाली, मनालीचा हात सवयीने सिरिंजकडे गेला आणि मागे आला. रतन गाडी खेळत होता. अकरा वाजले. रखमाबाईंनी सकाळी विहारात वंदना करून येऊन पौर्णिमेची खीर रांधली होती. त्यातली रतनच्या वाटणीची वेगळी आटवली होती, चमचा उभा राहील इतकी. सगळं घर वेलचीच्या वासाने भरलेलं. रतनने वाटीत डोकावून पाहिलं आणि परत गाडीकडे गेला.

"विचारू का त्याला?" मिलिंदने कुजबुजत विचारलं. त्याने आज सुट्टी घेतली होती.

"नाही."

"थोडीशी चाटवू का?"

"मिलिंद, तू बाल्कनीत जाऊन बस."

मनाली वरवर कपड्यांच्या घड्या घालत होती, पण तिचं सगळं अंग कान झालं होतं. आजपर्यंत तिने गिळल्याचा आवाज ऐकायची वाट पाहिली होती. आज ती ज्याची वाट पाहत होती त्याचा आवाज कसा असतो हे तिलाही ठाऊक नव्हतं. नाहीच मागितलं तर? खायला येतं पण मागायला येत नाही, असं झालं तर नळी पुन्हा आत जाणार. तरी ती हलली नाही. ना बोलता आलं तरच हो बोलेल. तिने टॉवेलची घडी मोडली आणि पुन्हा घातली.

बारा वाजून गेल्यावर रतनने गाडी भिंतीवर आपटली. मग आणखी जोरात आपटली. चाक निघालं म्हणून रडला, चाक बसवून दिलं म्हणून रडला. आजी नको, बाबा नको. मनालीने उचलून घेतलं तर तिच्या खांद्यावर डोकं घासायला लागला. तिने कपाळाला हात लावला. ताप नव्हता.

"काय होतंय, राजा? कुठे दुखतंय?"

रतनने शर्ट वर केला आणि पोटावर बोट ठेवलं. तो घाबरला होता. "इथं आत कोणीतरी ओढतंय," तो म्हणाला. "त्याला सांग, थांब म्हणून."

नळी काढताना आत काही दुखावलं की काय? मनाली मिलिंदला हाक मारणार, फोन करायला सांगणार, तोच रखमाबाईंनी आपल्या कपाळावर हात मारून घेतला.

"अगो बाय, एवढी शिकलेली तू! भूक लागली त्याला. भूक!"

मनाली पोराकडे बघत राहिली. साडेतीन वर्षं घड्याळाने त्याला ती कधी लागूच दिली नव्हती.

"खीर खातोस, रतन?"

रतनने रडता रडता, वाटी दिसायच्याही आधी, तोंड उघडलं.

रखमाबाई भिंतीला टेकल्या, गुडघे वर घेतले. रतन त्यांच्यामध्ये बसला. मनालीने चमचा भरला. पहिला घास तिने नेहमीसारखा कान देऊन ऐकला. दुसराही. तिसऱ्याला रतनने तिच्या हातून चमचा ओढून घेतला, अर्धी खीर गालाला फासली, अर्धी तोंडात गेली, आणि गट्ट, गट्ट असा आवाज इतक्या भराभर यायला लागला की तिला मोजून ऐकणं जमेना. बाल्कनीतून मिलिंद आला. "पंखा लावू का? आजीला घाम सुटलाय," त्याने विचारलं, आणि मनाली म्हणाली, "लाव की."

वाटी संपली. रतनने ती उलटी करून पाहिली. आजीच्या पोटावर मागे रेलला. नेहमीच्या सवयीने स्वतःच "आऽऽ" म्हणाला, कोरडा, स्वच्छ, आणि कोणी शाबासकी देतंय का इकडे त्याने बघितलंही नाही. त्याचं सगळं लक्ष शर्टाखाली होतं. त्याने पोटावर हात ठेवला, दाबून पाहिला, मग दुसऱ्या बाजूला ठेवून पाहिला.

"आई, ओढत नाही आता," तो म्हणाला.

"भूक गेली, राजा."

"गेली?" त्याने दाराकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग पुन्हा आपल्या पोटाकडे. "कुठे गेली, आई?"